डोळ्यातली अळी आणि चार आठवड्यांच्या गोळ्या

माझ्या उजव्या डोळ्यात अळी निघाली. नेमकं सांगायचं तर डोळा वर फिरवणारा जो स्नायू असतो, त्यात ती होती. पट्टकृमीची अळी. हा पट्टकृमी डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात येतो असं शाळेच्या पुस्तकातही सापडतं, आणि आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ऑपरेशन करावं लागलं नाही. गोळ्यांनी ती अळी मेली आणि जिरली. त्यातली मुख्य गोळी अल्बेंडाझोल. प्राथमिक शिक्षिका म्हणून मी स्वतः जंतनाशक दिनाला वर्गातल्या मुलांना चावून खायला देते, तीच. तरीही माझी पहिली गोळी सुरू व्हायच्या आधी डोळ्याची, मेंदूची, छातीची, रक्ताची तपासणी झाली. ती का झाली, हे मला मनापासून सगळ्यांना सांगायचं आहे.

सुरुवात वरच्या पापणीच्या सुजेनं झाली. दिवाळीच्या सुट्टीत सकाळी उठलं की पापणी जड वाटायची, लालसर दिसायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, रांजणवाडी आहे, लवंग उगाळून लाव. पण रांजणवाडीला पापणीच्या कडेला पुळी दिसते. माझी कड स्वच्छ होती, सूज आतून कुठून तरी आल्यासारखी होती. तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून थेंब दिले. थेंब चालू असेपर्यंत डोळा बरा असायचा. बंद केले की पंधरवड्यात पुन्हा तेच. नंतर कळलं की त्या थेंबांत स्टेरॉईड होतं. त्यामुळे सूज दबत होती, कारण तिथेच राहत होतं.

मग एक दिवस फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात उचलला आणि तारखा दोन दिसल्या. एकीच्या वर एक. एसटी स्टँडवर गाडीची पाटी वाचायला मान वर केली तरी तसंच. डावा डोळा झाकला की एक, उजवा झाकला तरी एक, दोन्ही उघडे ठेवले की दोन. असं होतं तेव्हा नंबर वाढलेला नसतो, दोन डोळे एका दिशेला वळत नसतात. चष्म्याच्या दुकानात जाऊन उपयोग नाही, हे एवढं तरी प्रत्येकानं लक्षात ठेवावं. आम्ही पुणं गाठलं.

पुण्यातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात ज्या डॉक्टर मॅडमनी मला तपासलं, त्या डोळ्याच्या खोबणीचे आजार बघतात. त्यांनी बोट समोर धरून वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला लावलं. उजवा डोळा वर जाताना मध्येच अडत होता आणि त्या बाजूला बघितलं की दुखत होतं. त्यांनी विचारलं, "सूज येऊन जाऊन आहे का? कधी फिट आली आहे का? डोकं दुखतं का? अंगावर कुठे बारीक गाठी हाताला लागतात का?" फिटचा आणि डोळ्याचा काय संबंध, हे मला तेव्हा कळेना.

डोळ्याचीही सोनोग्राफी होते हे मला माहीत नव्हतं. मिटलेल्या पापणीवर थंडगार जेल लावून त्यावरून पेनासारखं यंत्र फिरवतात. दुखत नाही. पडद्यावर करड्या पट्ट्यांमध्ये एक स्वच्छ काळा गोल दिसला आणि त्यात एका कडेला चमकणारा पांढरा ठिपका. भिजून पारदर्शक झालेल्या साबुदाण्यात मधला कण पांढरा राहावा, तसा. मॅडमनी तिथेच चित्र थांबवून दाखवलं. "ही पाण्यानं भरलेली पिशवी आहे, साधारण ९ मिलिमीटरची. पांढरा ठिपका म्हणजे अळीचं डोकं. डोकं दिसतंय याचा अर्थ अळी जिवंत आहे."

हे माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनी विचारलं, "मग काढून टाका ना मॅडम, आजच्या आज."

मॅडम म्हणाल्या की पिशवी स्नायूच्या पोटात रुतलेली आहे. ती कापून काढायला गेलं तर स्नायूलाच इजा होणार, मग डोळा कायमचा तिरका राहू शकतो. स्नायूतली अळी गोळ्यांना चांगली दाद देते, म्हणून आधी गोळ्याच. आम्हाला हायसं वाटलं. बाहेर येऊन ह्यांनी माझ्या चुलत दिरांना फोन लावला, त्यांचं मेडिकल आहे. ते म्हणाले, "अल्बेंडाझोलच ना वहिनी? आपल्याकडे पडूनच आहे. आज रात्रीपासून सुरू करा, पुण्याला हेलपाटे कशाला?" त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मॅडमनी चिठ्ठीवर त्या दिवशी एकही गोळी लिहिली नव्हती, फक्त तपासण्या लिहिल्या होत्या. आम्ही परत आत गेलो आणि विचारलं, गोळी ठरलीच आहे तर उशीर का.

त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते इतकं स्वच्छ आधी कोणी सांगितलं नव्हतं. जिवंत अळी शरीरापासून स्वतःला लपवून ठेवते. वर्षानुवर्षं ती बसून राहिली तरी शरीर फारशी दखल घेत नाही. अल्बेंडाझोल तिला साखर शोषून घेऊ देत नाही, ती उपाशी मरते. आणि मरताना तिच्या पिशवीतून जे झिरपतं, त्यावर शरीर तुटून पडतं. म्हणजे सूज अळी जगताना कमी असते आणि मरताना जास्त. स्नायूत सूज आली तर सांभाळता येते. पण एखादी अळी डोळ्याच्या गोळ्याच्या आत असेल, पडद्यामागे किंवा आतल्या जेलीत, तर ती मरताना येणाऱ्या सुजेनं नजरच जाऊ शकते. तिथे गोळी द्यायची नसते, आधी ऑपरेशननं अळी बाहेर काढायची असते. मेंदूत असतील आणि पुष्कळ असतील तर एकदम मरून मेंदू सुजतो, फिट येतात, जीवावर बेततं. "तुमच्या स्नायूत एक दिसली. दुसरी कुठे नाही हे बघितल्याशिवाय मी गोळी देणार नाही."

गोळी तीच, दुकानात मिळणारी, काही रुपयांची. ती माझ्या डोळ्याला औषध आणि दुसऱ्या कोणाच्या डोळ्याला घातक. ह्यांनी दिरांना पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. आता त्यांच्याकडे कोणी डोळ्यात जंत आहेत म्हणून आलं तर ते सोनोग्राफी आणि एमआरआय झालंय का हे विचारतात, याचा मला आनंद आहे.

आमच्या शेजारी बाकावर बीडकडचे एक काका बसले होते. त्यांची अळी डोळ्याच्या आत निघाली होती, पडद्याच्या मागे. नजरेसमोर एक सावली हलते म्हणून ते आले होते. तपासताना प्रखर उजेड टाकला की आत ती वळवळते, असं डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला दाखवलं होतं. त्यांना गोळ्या नव्हत्या, ऑपरेशनची तारीख मिळाली होती. आमच्या दोघांचा आजार एकच, अळी एकच, अंतर जेमतेम बोटभर. त्यांच्या हातात ऑपरेशनचा कागद आणि माझ्या हातात एमआरआयचा.

बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून माझ्या दोन्ही डोळ्यांचे पडदे कडेकडेपर्यंत तपासले. आत काही नव्हतं. मग मेंदूचं एमआरआय. त्या नळीत पडून राहताना यंत्राचा खडखडाट चालू असतो आणि हलायचं नसतं. मी मनात हरिपाठ म्हणत राहिले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता आणि ती रात्र नणंदेकडे काढली. आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. मला वर्गातला एक मुलगा आठवत होता, त्याला फिट यायच्या, सगळे म्हणायचे बाहेरचं झालंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ज्या भागांत हा पट्टकृमी आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी हीच अळी असते. फिटबद्दल मॅडमनी पहिल्याच भेटीत का विचारलं ते एव्हाना कळलं होतं.

मेंदू स्वच्छ निघाला. छातीचा एक्स-रे काढला, कारण स्टेरॉईड देण्याआधी टीबी लपलेला नाही ना हे बघावं लागतं. साखर तपासली, यकृताच्या तपासण्या केल्या, रक्तातल्या पेशी मोजल्या. दिवस गेलेले नाहीत ना याचीही तपासणी केली, कारण गर्भ असताना हे औषध द्यायचं नसतं. शौचाचे नमुने तपासायला दिले. रक्ताची या अळीसाठीची खास चाचणी मात्र माझी निगेटिव्ह आली. मॅडम म्हणाल्या, डोळ्यात एकटी अळी असली की पुष्कळदा तसं होतं. चित्रात डोकं दिसलं आहे, आपण चित्रावर विश्वास ठेवायचा.

हे सगळं होईपर्यंत घरी दुसरंच सुरू झालं होतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, माळकरी आहेत. माघी आणि आषाढी चुकवत नाहीत. ह्यांनी फोनवर त्यांना आजाराचं नाव सांगितलं, आणि कोणीतरी नातेवाइकानं मोबाईलवर बघून सांगितलं की हा आजार डुकराचं मांस खाल्ल्यानं होतो. आत्या मला काही बोलल्या नाहीत. पण मी पुण्याहून परत आले तर त्या देवघरात बसून होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. रात्री त्यांनी एवढंच विचारलं, "शाळेच्या ट्रेनिंगला बाहेर जेवता तेव्हा कुठं जेवता गं?" त्या प्रश्नानं मला अळीपेक्षा जास्त लागलं. आत्यांचा दोष नव्हता. अर्धी माहिती घरात आधी पोचली होती.

पुढच्या भेटीला मी आत्यांना बरोबर घेऊन गेले. मॅडमनी खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. "आजी, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट न शिजलेलं डुकराचं मांस ज्यानं खाल्लं, त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. दोन-तीन मीटर, कधी त्याहून लांब. त्या माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही. त्याच्या शौचातून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. ती अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती पाण्यातून, भाजीतून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली की त्यातून अळी निघते, आतड्याला भोक पाडून रक्तात शिरते आणि मेंदूत, स्नायूत, डोळ्यात जाऊन बसते. तुमच्या सुनेनं मांस खाल्लेलं नाही. मांस खाल्लं असतं तर कृमी पोटात निघाला असता. हिच्या पोटात अंडं गेलं. ते तुमच्या-माझ्याही पोटात जाऊ शकतं."

आत्यांनी बराच वेळ चित्राकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे घाण दुसऱ्याची आणि भोग हिला." मॅडम म्हणाल्या, "बरोबर." मग त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू समाजात, जिथे डुकराचं मांस धर्मानंच निषिद्ध आहे, काही जणांना फिट यायला लागल्या आणि मेंदूत याच अळ्या निघाल्या. १९९२ साली डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. या घरांत स्वयंपाकपाणी करायला असलेल्या, जिथे हा कृमी आढळतो अशा देशांतून आलेल्या बायकांची तपासणी झाली आणि त्यातून डुकराचं मांस न खाणाऱ्या घरात अंडी कशी पोचतात हे जगाला कळलं. बायका निरोगी दिसत होत्या, त्यांना स्वतःलाही काही माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत आत्यांनी माझा हात धरून ठेवला होता. घरी आल्यावर त्यांनी त्या नातेवाइकांना स्वतः फोन केला.

उपचार माघात सुरू झाला. माझं वजन ५३ किलो. अल्बेंडाझोल वजनाच्या हिशेबानं देतात, किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, म्हणून मला सकाळी ४०० आणि रात्री ४०० मिलिग्रॅम, चार आठवडे. शाळेत मूल एकदा एक गोळी चावतं, त्या मानानं हे किती मोठं आहे ते बघा. पण त्याच्याही आधी दोन दिवस प्रेडनिसोलोन सुरू केलं, हे स्टेरॉईड, रोज सकाळी ५० मिलिग्रॅम. अळी मरताना जी सूज येणार ती आधीच आवरून धरायला. सोबत पोटासाठी एक गोळी. मीठ कमी, साखर कमी. आपल्या मनानं दुसरं कुठलं औषध चालू करायचं नाही. आणि खूप डोकं दुखलं, उलट्या झाल्या, झटका आला किंवा नजर अंधुक झाली तर रात्र असो की दिवस, वाट बघायची नाही.

अल्बेंडाझोलबद्दल एक गोष्ट मला नवी होती. रिकाम्या पोटी घेतलं तर ते रक्तात फारच थोडं उतरतं. आतड्यातले जंत मारायला तेवढं चालतं, कारण काम आतड्यातच असतं. डोळ्याच्या स्नायूपर्यंत पोचवायचं तर ते स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावं लागतं, मग रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. हे कळल्यावर आत्यांनी सूत्रं हातात घेतली. सकाळी भाकरीवर तुपाचा गोळा, रात्री वरणभातावर तूप, वर सायीचं दूध. एकादशी आली तेव्हा मी विचारात पडले. उपास मोडणं मनाला पटेना, आणि उपाशी पोटी ना स्टेरॉईड चालणार ना दुसरी गोळी. आत्या वारीला निघायच्या घाईत होत्या, तरी पहाटे उठून त्यांनी शेंगदाण्याचं कूट आणि तूप सढळ घालून साबुदाण्याची खिचडी केली आणि म्हणाल्या, "खा आणि गोळ्या घे. पांडुरंगाला मी सांगते." मॅडमना नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, या औषधाला याहून चांगला उपास नाही.

पहिल्या आठवड्यात डोळा उलट जास्त दुखला. पापणी थोडी अधिक सुजली. हे होणार असं सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही, फोन करून कळवलं, त्यांनी दोन दिवसांनी बोलावून नजर तपासली आणि तेच डोस चालू ठेवले. दुसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. यकृताची तपासणी पुन्हा झाली, आकडा थोडा वाढला होता, पण थांबवण्याइतका नाही.

त्रास दिला तो स्टेरॉईडनं. भूक इतकी लागायची की मधल्या सुट्टीची वाट बघणं कठीण. चेहरा गोल झाला. पालक सभेत दोघीतिघी म्हणाल्या, बाई तब्येत सुधारली तुमची. रात्री झोप येईना. छातीत उगाच धडधड. चिडचिड इतकी की वर्गात आवाज चढायचा आणि पोरं दचकायची. मी त्यांना सरळ सांगितलं की मला एक औषध चालू आहे, त्यामुळे असं होतंय, थोडे दिवस सांभाळून घ्या. पोरांनी फार छान सांभाळलं. हे औषध कंटाळा आला म्हणून एकदम सोडता येत नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून पायरीपायरीनं कमी करावं लागतं. ५० वरून ४०, मग ३०, असं उतरवत शेवटच्या ५ पर्यंत यायला अल्बेंडाझोल संपल्यानंतरही बरेच दिवस गेले.

त्या जागरणाच्या रात्री मी याच विषयावर वाचत बसायचे. गोळीनं डोळे वाचवण्याची सगळ्यांत मोठी गोष्ट आफ्रिकेतली आहे. तिथे वेगानं वाहणाऱ्या नद्यांच्या काठी काळी माशी पैदा होते, तिच्या चाव्यातून एक कृमी माणसात जातो आणि त्याची असंख्य सूक्ष्म पिल्लं डोळ्यात जाऊन माणूस आंधळा होतो. गावंच्या गावं नदीकाठची सुपीक जमीन सोडून गेली होती. आयव्हरमेक्टिन हे औषध ती पिल्लं मारतं. १९८७ साली मर्क कंपनीनं ते लागेल तितकं, लागेल तोवर फुकट द्यायचं जाहीर केलं, आणि ज्यांच्या कामातून ते औषध आलं त्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण तिथेही तेच झालं जे मला मॅडमनी समजावलं होतं. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा दुसरा एक कृमी आहे, तो कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना उघड्या डोळ्यांनी दिसतो. ज्यांच्या रक्तात त्याची पिल्लं अतोनात आहेत, त्यांना आयव्हरमेक्टिन दिलं की ती सगळी एकदम मरतात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. त्या भीतीनं काही भागांत औषधवाटपच अडलं. मग मोबाईल फोनला जोडलेलं छोटं सूक्ष्मदर्शक तयार झालं. कॅमेरूनमध्ये बोटातल्या रक्ताचा थेंब त्याखाली धरून पिल्लं मोजायची आणि ज्याच्यात फार त्याला ते औषध द्यायचं नाही, असं करून बघितलं गेलं आणि ते जमलं. आधी बघायचं, मग द्यायचं. खेड्यातल्या झाडाखाली बसून हे करता येतं, तर शहरातल्या मेडिकलमध्ये का नाही, असं मला फार वाटलं.

माझे उपचार चालू असतानाच फेब्रुवारीतला जंतनाशक दिन आला. त्याबद्दलही लिहिते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. शाळेत जी एक गोळी देतात ती आतड्यातल्या जंतांसाठी आहे, एकच मात्रा आहे, आणि जंतांमुळे पोरांचं रक्त कमी होतं ते बघता ती फार गरजेची आहे. माझं सगळं ऐकून मुलाला ती गोळी देऊ नका असं कोणी म्हणू नये. आजारी मुलाला किंवा दुसरं औषध चालू असलेल्याला आम्ही त्या दिवशी देत नाही, मग आरोग्य सेविकेला विचारून देतो. फिट येणाऱ्या मुलाच्या आईनं मात्र ते आधी सांगावं. मी त्या दिवशी माझ्या वर्गाला गोळ्या दिल्या आणि हात कसे धुवायचे ते नळावर नेऊन एकेकाकडून करून घेतलं, नखांच्या आतपर्यंत.

आता ही अळी आली कुठून? हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारला. घरातल्या सगळ्यांचे शौचाचे नमुने तपासले, एकेकाचे तीन-तीन, कारण अंडी रोज सापडतातच असं नाही. समजा घरातच कोणाच्या पोटात पट्टकृमी असता तर सगळ्यांनाच धोका होता. कोणातही काही निघालं नाही. मग एका सहकाऱ्यानं शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं नाव काढलं. मी तिथल्या तिथे विरोध केला. अळी स्नायूत महिने, कधी वर्षं काढते. ते अंडं मी कुठल्या गावात, कुठल्या कोशिंबिरीतून, कुठल्या पाण्यातून गिळलं हे आज कोणीही सांगू शकत नाही. एका गरीब बाईच्या पोटावर पाय द्यायला हा आजार कारण म्हणून वापरणं मला पाप वाटतं. मावशींनी आपणहून तपासणी करून घेतली, आम्ही शिक्षकांनीही केली, सगळे ठीक निघालो.

मला खरी काळजी वेगळ्याच जागेची आहे. आपल्याकडे शहरांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी पिकते आणि ती स्वस्त म्हणून आठवडी बाजारात येते. कोथिंबीर, मेथी, पालक, कांद्याची पात, मुळ्याचा पाला. यातलं कितीतरी आपण कच्चं खातो. कोबीतला किडा डोक्यात जातो असं लोक म्हणतात आणि कोबी चिरताना हिरवी अळी शोधतात. ती हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची, ती निरुपद्रवी. धोका आहे तो पानाला चिकटलेल्या, न दिसणाऱ्या अंड्यांचा, आणि तो कोबीपुरता नाही. भाजी शिजली की अंडी मरतात. कच्ची खायची तर वाहत्या पाण्यात पान न् पान उलटून चोळून धुवायची. आत्या आता कोथिंबिरीची काडी काडी सुटी करून धुतात. आणि उघड्यावर शौचाला बसणं जोवर पूर्ण थांबत नाही, डुकरं मोकाट फिरतात तोवर हे चक्र चालूच राहणार. आमच्या गावात शौचालयं बांधून झाली आहेत, त्यातल्या काहींत अजून सरपण भरलेलं आहे. ग्रामसभेत मी हा विषय मांडला, माझा डोळा दाखवून मांडला.

चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. काळा गोल आकसून अर्ध्याहून कमी झाला होता आणि पांढरा ठिपका दिसत नव्हता. डोकं गेलं म्हणजे अळी मेली. मॅडमनी तो जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून आत्यांना दाखवला, आत्यांनी तिथेच हात जोडले. स्टेरॉईड संपल्यावर आणखी एकदा केली, तेव्हा स्नायूत फक्त थोडा जाडसरपणा उरला होता. बीडच्या काकांची भेट त्या दिवशी झाली. ऑपरेशन होऊन अळी निघाली होती, नजर पूर्वीइतकी आलेली नाही, पण डोळा वाचला.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते, सगळ्यांत स्वस्त गोळ्या होत्या आणि सगळ्यांत महाग एमआरआय. परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात जाऊन करावं, पण ते टाळू नये.

समोर बघताना, वाचताना, गाडी चालवताना मला आता एकच दिसतं. अगदी वर बघितलं की अजून किंचित दोन दिसतात. स्नायूत जो व्रण राहिला त्यामुळे तेवढं राहू शकतं, असं मॅडम म्हणाल्या. सहा महिने तरी वाट बघायची, मग राहिलंच तर चष्म्याच्या काचेला प्रिझम, म्हणजे दोन चित्रं एकत्र आणणारी तिरकी काच, लावता येतो, अगदी गरज पडली तर स्नायूचं छोटं ऑपरेशन. सध्या फळ्याच्या वरच्या ओळी लिहिताना मी हनुवटी वर करून लिहिते. गोल झालेला चेहरा उतरला, झोप परत आली. पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. त्याआधी पापणी पुन्हा सुजली तर कोणतेही थेंब न घालता थेट यायचं, असं मॅडमनी माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.